मिनिटाला तीस रुपये, आणि एक ‘खाडा’

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देणारं एक छोटं ऑफिस आहे. पाटीवर ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, अर्ज, करारनामे’ एवढंच लिहिलंय. ट्रान्स्क्रिप्शनचा उल्लेखही नाही. दुकानाचं नाव देत नाही, कारण चालवणाऱ्या काकूंनी बजावलंय, “लिहा हो काय लिहायचं ते, फक्त नाव नको. आधीच काम उरकत नाही.” आरोग्याच्या संशोधनात ट्रान्स्क्रिप्शनसाठी माणसं शोधताना माझ्यासारखी ज्यांची दमछाक झाली असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांना पाटीवरूनही सापडेल.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं मत किती धरायचं ते ठरवता येईल. मी संख्याशास्त्राचा माणूस. अठरा वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्पांत आकडेमोड करतोय. मुलाखती, गटचर्चा वगैरे मंडळींकडे मी बरीच वर्षं लग्नात बँडवाल्यांकडे बघतात तसा बघायचो. असावेत, पण पंगत आपली वेगळी. हे लपवत नाही, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

सध्याचा प्रकल्प कळवा, विटावा आणि दिघा या पट्ट्यातला. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या माणसं मध्येच का सोडतात, हा विषय. विटावा ठाण्याच्या महापालिकेत, रस्ता तसाच पुढे गेला की दिघा नवी मुंबईच्या. माणसं मात्र जिथे रांग छोटी तिथे जातात, त्यामुळे रजिस्टर जुळवणं हे माझ्यापुरतं वेगळंच दुखणं होतं. टीममध्ये पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, डॉक्टर मॅडम, एक मानववंशशास्त्राची मुलगी (मुलगी म्हणतो, पण पीएचडी झालीय आणि भांडण सोडत नाही), एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेले दोन फील्डवाले आणि मी. वस्तीतल्या आशाताई कागदोपत्री टीममध्ये नाहीत, पण त्यांच्याशिवाय एक दार उघडलं नसतं.

प्रस्तावात आम्ही ‘संमिश्र पद्धती’, म्हणजे आकडे आणि मुलाखती दोन्ही, असं ठसठशीत लिहिलं होतं. पैसे देणाऱ्यांना हल्ली ते आवडतं. आधी सर्वेक्षण, त्यात जे कोडं पडेल ते मुलाखतींतून सोडवायचं, असा क्रम. प्रत्यक्षात अशा प्रकल्पांत काय होतं ते सांगतो. मंजुरी येईपर्यंत सगळे एका टेबलाशी. पैसे आले की ज्याचं टेबल त्याचं. शेवटी अहवालात माझे तक्ते, आणि त्यांच्यावर कोथिंबीर भुरभुरावी तशी मुलाखतींतली चार वाक्यं.

एकत्र बसलो तरी बोलणं जुळत नाही, कारण शब्द तेच आणि अर्थ भलतेच. ‘सॅम्पल’ म्हटलं की डॉक्टर मॅडमना रक्ताची बाटली दिसते, मला मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून निवडलेली घरं दिसतात, आणि आमच्या पीएचडीताई म्हणतात, “मी मुद्दाम त्याच बाईंना निवडलंय, त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे म्हणून.” ‘कोडिंग’ म्हणजे माझ्या लेखी हो असेल तर १, नाही असेल तर २, माहीत नाही तर ९९. त्यांच्या लेखी एका परिच्छेदाला नाव देणं. पहिले दोन महिने आम्ही ‘कोडिंग कुठपर्यंत आलं?’ असं एकमेकांना विचारत होतो आणि दोघंही खरी उत्तरं देत होतो.

आता दुकान. काकू ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक होत्या. कोर्ट नाक्यावर तीस-बत्तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्या, आणि घरी बसवेना म्हणून हे सुरू केलं. सोबत दोन मुली आणि एक मुलगा, तिघंही टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेली. सुरुवातीला करारनामे, वकिलांचे कागद. मग कुणीतरी पीएचडीचा विद्यार्थी मुलाखती घेऊन आला आणि तिथून हे काम लागलं. काकूंच्या तोंडी अजून कोर्टाचीच भाषा आहे. मुलाखत देणारा तो ‘साक्षीदार’. आमच्या बावीस मुलाखतींची पावती त्यांनी ‘साक्षीदार २२’ अशी लिहिली. पीएचडीताईंना ते आधी अजिबात रुचलं नाही.

दर मिनिटाला तीस रुपये, आणि मिनिट रेकॉर्डिंगचं, टायपिंगचं नाही. सरासरी चाळीस मिनिटांच्या बावीस मुलाखती, म्हणजे आठशे ऐंशी मिनिटं, सव्वीस हजार चारशे रुपये. आमच्या बजेटमध्ये या कामाला ‘स्टेशनरी व संकीर्ण’मधले दहा हजार होते. ते मीच लावले होते, कारण ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे टायपिंग असं माझं ठाम मत होतं. तासाभराचं रेकॉर्डिंग नीट उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

म्हणून आधी काटकसर केली. फोनवरच्या एका ॲपला रेकॉर्डिंग ऐकवलं आणि त्याने चहा होईस्तोवर मजकूर काढून दिला. बहुतेक ठिकाणी ठीक. एका विटाव्याच्या गृहस्थांच्या मुलाखतीत मात्र ‘सोमवारी खड्डा झाला, मग बुधवारी पण खड्डा’ असं आलं. मी ठाणेकर. जुलै महिना. घोडबंदरला रोज खड्ड्यांत हाडं खिळखिळी करून घेणारा माणूस त्यात काय संशय घेणार? गृहस्थ रस्त्याबद्दल बोलत असतील असं समजून पुढे गेलो.

ॲपचे कागद पीएचडीताईंनी माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं महाग पडतं. आम्ही नौपाड्यात गेलो.

आठवड्याने त्याच मुलाखतीचा कागद काकूंकडून आला. ‘खड्डा’च्या जागी ‘खाडा’ होतं. सोमवारी गोळीचा खाडा झाला. गृहस्थ कंपनीत रोजंदारीवर होते. खाडा पडला की पैसे कापले जातात, हा त्यांच्या रोजच्या हिशेबातला शब्द. समासात काकूंच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे सगळे खाडा म्हणतात. तुमचा माणूस विचारतो गोळ्या चुकल्या का. साक्षीदाराला वाटतं, चुकीच्या गोळ्या घेतल्या का. पान ३, ७, ११ पाहावे.’

मी ती पानं पाहिली. मग बाकीच्या मुलाखती काढून तेवढाच प्रश्न सगळीकडे पाहिला. मग खाली जाऊन चहा प्यायलो.

झालं होतं ते असं. आमच्या सर्वेक्षणातला प्रश्न होता, ‘गेल्या सात दिवसांत तुमच्या गोळ्या चुकल्या का?’ जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. आणि दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तीच माणसं तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत येत होती. हेच आमचं कोडं होतं, यासाठीच मुलाखती घेतल्या होत्या, आणि मी तोवर ‘लोक खोटं बोलतात’ असं एक मोठं इंग्रजी नाव देऊन मोकळा झालो होतो. लोक खोटं बोलत नव्हते. मराठीत पाळी चुकते, गाडी चुकते, तशी गोळी चुकते हे माझ्या कानाला बरोबर वाटत होतं. त्यांच्या कानाला ‘चुकलं’ म्हणजे चूक झाली. दिघ्याच्या एक आजी तर आमच्या फील्डच्या मुलाला उलट विचारतात, “चुकंल कशी? चिठ्ठी वाचून देते ना सून.” बरोबरच आहे. चुकीची गोळी त्यांनी कधीच घेतली नव्हती.

इथे माझ्या धंद्यातल्या एका गोष्टीवर बोलायला हवं. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना आम्ही उलट भाषांतर करून तपासतो. एकजण मराठी करतो, दुसरा मूळ न बघता पुन्हा इंग्रजी करतो, दोन्ही इंग्रजी जुळली की शिक्का. आमचा हा प्रश्न त्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाला होता. होणारच. दोन्ही भाषांतरकार माझ्यासारखेच शिकलेले. ‘चुकल्या’चं त्यांनी बिनचूक इंग्रजी केलं. प्रश्न वस्तीत ज्याला विचारायचा त्याच्या कानात काय पोचतं, हे ती परीक्षा तपासतच नाही. त्यासाठी चार-पाच जणांना प्रश्न वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ असं विचारावं लागतं. पुस्तकात लिहिलेलं आहे, मी शिकवतोही. वेळ नव्हता म्हणून केलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी ‘चुकल्या’ खोडून ‘खाडा झाला का?’ असं लिहून नेलं. डॉक्टर मॅडमना ते गावठी वाटलं. काकूंना सहज फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, दूधवाल्याचा खाडा, भांडीवाल्या बाईंचा खाडा, आम्ही कॅलेंडरवर फुली मारतो. तुमच्या गोळीची पण मारायला सांगा की.” आता दुसऱ्या फेरीतल्या घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात खाड्याची फुली मारतात आणि आशाताई महिन्याने फोटो काढून आणतात. अठरा वर्षांत इतका स्वच्छ डेटा मी पाहिलेला नाही. बायका दुधाच्या हिशेबासारखा चोख ठेवतात.

फुल्या दिसू लागल्या तशी आणखी एक गोष्ट दिसली. त्या मनाला येईल तशा पडत नव्हत्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी. कागदांत उत्तर आधीच होतं: उपासाला पोटात काही नाही, मग गोळी कशी घ्यायची? खाडा विसरल्यामुळे पडत नव्हता, ठरवून पाडला जात होता. यावर डॉक्टर मॅडम ताठ बसल्या. मेटफॉर्मिन जेवणासोबतच घ्यायची असते, त्यामुळे उपासाच्या दिवशी शुगरवाल्यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो डॉक्टरांशी बोलूनच सोडवायला हवा. बीपीची ॲम्लोडिपिन मात्र उपाशीपोटी चालते. ती सोडायचं कारणच नव्हतं. दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत मिळतात, सूचना एकच, ‘जेवल्यावर घ्या’. म्हणून दोन्हींचा खाडा. पीएचडीताईंनी माझ्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर मुलाखतीतलं वाक्य बसवलं आणि मी पहिल्यांदाच त्या वाक्यांसाठी तक्त्याची रुंदी वाढवली.

दुकानाकडे परत येतो. इथल्या कागदाची खरी किंमत त्याच्या समासात आहे. आवाज जसा आला तसा उतरवतात, आणि आवाजाभोवतीचंही. ‘(चार सेकंद गप्प)’. ‘(कुकरची शिट्टी, उत्तर ऐकू येत नाही)’. ‘(मागून कुणीतरी “सांग ना” म्हणतं, बायको असावी)’. या शेवटच्या नोंदीने आमच्या फील्डच्या मुलाची पंचाईत केली, कारण त्याच्या फॉर्मवर ‘मुलाखत एकांतात’ असं टिक केलेलं होतं. असल्या संशोधनाच्या अहवालासाठी २००७ पासून ‘कोरेक’ नावाची बत्तीस मुद्द्यांची यादी वापरतात. मुलाखतीच्या वेळी तिथे आणखी कोण हजर होतं, हा त्यातलाच एक मुद्दा. आम्ही ती यादी शेवटी भरतो, आयकर विवरणपत्र भरावं तशी. काकूंनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

आणखी एक. आमचा फील्डचा मुलगा चार ठिकाणी विचारतो, “गोळ्या वेळेवर घेता ना?” चारही ठिकाणी काकूंनी ‘ना’खाली रेघ मारली आणि लिहिलं, ‘सूचक प्रश्न. सरतपासणीत समोरच्या वकिलाने लगेच हरकत घेतली असती.’ एका ‘ना’ने समोरच्याच्या तोंडात हो घातला जातो, हे मी संख्याशास्त्राचा माणूस असून मला दिसलं नव्हतं. पीएचडीताईंना दिसलं होतं. त्या म्हणतात, त्यांनी मला सांगितलंही होतं. त्या दिवसापासून ‘साक्षीदार’ शब्दाबद्दलची त्यांची तक्रार बंद आहे.

आता उणिवा, कारण सगळं गोड लिहिलं तर मी काकूंचा भाचा आहे असं वाटेल.

पहिल्या सहा मुलाखतींत त्यांनी भाषा ‘सुधारली’. एक आगरी मावशी म्हणतात, “मना ती गोली झेपत नाय.” कागदावर आलं, ‘मला ती गोळी सहन होत नाही.’ टायपिंगच्या परीक्षेत शुद्धलेखनाचे मार्क असतात, त्या मुलीची चूक नाही. पण ‘झेपत नाही’मध्ये अंगाला न मानवणं आहे आणि खर्चही आहे, ‘सहन होत नाही’ म्हटल्यावर खर्च गेला. पीएचडीताईंनी रेकॉर्डिंग लावून शेजारी कागद धरला तेव्हा ते कळलं. काकूंनी सहाही मुलाखती पुन्हा, पैसे न घेता करून दिल्या, वर स्वतःलाच बोलल्या, “कोर्टात असं केलं असतं तर साहेबांनी बाहेर काढलं असतं.” तेव्हा काम देतानाच ‘बोलीला हात लावू नका’ असं लेखी द्या. आम्ही दिलं नव्हतं.

वेळेचं गणित कच्चं आहे. दहा दिवस सांगितले, साडेतीन आठवडे लागले. मध्ये गणपती आले हे खरं, पण गणपती दर वर्षी येतात.

हिंदी जमतं, भोजपुरी अजिबात नाही. दिघ्यातल्या तीन मुलाखती अर्ध्या ‘अस्पष्ट’ अशा शेऱ्यांसह परत आल्या. त्या आमच्याच फील्डच्या दुसऱ्या मुलाने, जो मूळ बलियाचा आहे, रात्री बसून उतरवल्या.

गोपनीयतेबद्दल मी सगळ्यात जास्त साशंक होतो, आणि तिथे अर्धा समाधानी आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नीतिनियमांनुसार भाग घेणाऱ्याची ओळख जपणं आमची जबाबदारी; ती दुकानावर ढकलता येत नाही. आम्ही फाइलींना नावांऐवजी क्रमांक दिले होते, पण माणसं बोलता बोलता नावं घेतातच. काकूंच्या त्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलेलं नाही, फाइल पेनड्राइव्हनेच येते-जाते, आणि काम संपल्यावर आपल्यासमोर पुसतात. हे चांगलं. पण एकदा मला पावती मिळाली ती एका जुन्या प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर. उलटून पाहिलं तर कुणाच्या तरी मुलाखतीचं पान. आमचं नव्हतं, पण उद्या असू शकलं असतं. मी तो कागद तिथेच फाडला आणि जरा चढ्या आवाजात बोललो. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा टेबलाखाली कागदांचे तुकडे करणारं यंत्र बसवलेलं होतं, आणि काकू माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलल्या. अटी लिहिलेला एक पानाचा करार आता आम्ही दोघांनी सही करून ठेवलाय. पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

बिल हातानं लिहिलेलं असतं, जीएसटी नाही. आमच्या हिशेब विभागाने ते दोन महिने अडवून ठेवलं. मोठ्या संस्थांनी हे आधी विचारून घ्यावं.

एक भांडण दुकानामुळे झालं नाही, पण तिथल्या कागदांवरून झालं, म्हणून सांगतो. तीन मुलाखतींतल्या परिच्छेदांना पीएचडीताई आणि फील्डच्या मुलाने स्वतंत्रपणे नावं दिली आणि मी उत्साहाने दोघांच्या मतैक्याचा कॅपा काढला. जेकब कोहेनने १९६० मध्ये मांडलेलं माप, योगायोगाने होणारी सहमती वजा करून उरलेली मोजतं. आकडा बेताचा आला. मला वाटलं काम बिघडलं. ताईंचं म्हणणं, दोघांना वेगळं दिसलं ही बिघाडाची खूण कशी, तिथेच तर बसून बोलायचं. तलावपाळीला भेळ खात तासभर वाद झाला. अजून मिटलेला नाही. अहवालात कॅपा असेल, आणि त्याखाली त्यांची तळटीप.

कुणी जावं? ज्यांच्याकडे मराठी मुलाखती आहेत, घाई नाही, आणि समासातली शेरेबाजी वाचायची तयारी आहे त्यांनी. नुसते शब्द हवे असतील तर ॲप स्वस्त पडेल. खड्डे तुमचे तुम्ही बुजवा. पाचापैकी चार तारे. एक तारा त्या पावतीच्या मागच्या बाजूला गेला.

जाण्याआधी: मुलाखत घेताना पंखा बंद ठेवा, रेकॉर्डर कुकरपासून लांब. गटचर्चेला दोन रेकॉर्डर लावा आणि प्रत्येकाला आधी नाव नको, क्रमांक बोलायला सांगा. आठ बायका एकदम बोलल्या की काकू दर दुप्पट लावतात. जिना अंधारा आहे, लिफ्ट नाही. दुपारी एक ते चार बंद. फोन त्या वेळात लागतो, पण उचलत नाहीत.